जुहूची धावपट्टी आणि आपले हुकलेले चालक

भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक कोइमतूरचा निघाला, मुंबई-पुण्याचा नाही. असे का? पैसा, प्रतिभा ही नेहमीची उत्तरे मला अपुरी वाटतात. खरे उत्तर जमिनीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर मोटारशर्यती रुजल्या. इंग्लंडचे सिल्व्हरस्टोनही मुळात युद्धकालीन विमानतळच. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला शर्यती भरत, तशाच मुंबईत जुहूलाही. (हे आज मुंबईकरालाही सांगून पटत नाही!) मद्रासच्या क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा ट्रॅक उभारला. जुहूच्या शर्यती थांबल्या आणि नंतर कित्येक दशके महाराष्ट्राला तसा ट्रॅक लाभला नाही.

म्हणूनच १९८८ मध्ये कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून नवशिक्यांसाठी एकआसनी 'फॉर्म्युला मारुती' घडवली, तेव्हा ती पळवायला तिकडे जागा होती. नारायण कार्तिकेयनची एकआसनी शर्यतींतील सुरुवात याच गाडीतून झाली. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला ४ इंडियन चॅम्पियनशिपचा मुक्कामही मुख्यतः तमिळनाडूतच. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला खरा, पण त्यासाठी त्याला कोवळ्या वयातच युरोप गाठावे लागले. ते किती घरांना परवडेल?

चाकण आणि वाळूज देशाला वाहने पुरवतात, याचा आपल्याला कोण अभिमान! पण पंधरा वर्षांच्या मुलाने ती वेगाने, सुरक्षितपणे चालवायला शिकावे कुठे? जालन्याच्या मुलाला वेग दिसतो तो समृद्धी महामार्गावर, आणि तिथे शर्यत लावणे हा गुन्हा आहे.