विश्लेषण : लॅपटॉपऐवजी टॅब्लेट घेतला तर ऑफिसचे काम भागेल का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक प्रोसेसर नसलेले असंख्य जुने लॅपटॉप त्यामुळे बदलण्याच्या रांगेत आले. त्याच्या महिनाभर आधी ॲपलने आयपॅडओएस २६ आणले. त्यात संगणकासारख्या अनेक विंडो एकाच वेळी उघडता येतात. साहजिकच ‘नवा लॅपटॉप घ्यायचा की कीबोर्ड लावलेला टॅब्लेट?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जात आहे. त्याचे उत्तर कशावर ठरते, ते पाहू.

हा दावा कधीपासून केला जातो?

ॲपलने पहिला आयपॅड २०१० मध्ये आणला, तो प्रामुख्याने वाचन, व्हिडीओ आणि ईमेलसाठी. ऑफिसच्या कामाचा दावा मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये सरफेस टॅब्लेट आणून ठळकपणे मांडला. त्यातील सरफेस आरटी या स्वस्त मॉडेलवर जुने विंडोज प्रोग्रॅम चालतच नव्हते. ग्राहकांनी पाठ फिरवली आणि २०१३ मध्ये कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशोबात दाखवावा लागला. पुढे २०१४ मध्ये आलेल्या सरफेस प्रो ३ ची जाहिरातच ‘लॅपटॉपची जागा घेणारा टॅब्लेट’ अशी होती. तो पूर्ण विंडोजवर चालत असल्याने ही मालिका टिकली.

ॲपलने २०१५ मध्ये कीबोर्ड आणि पेन्सिलसह आयपॅड प्रो आणला. २०२० मध्ये आयपॅडला ट्रॅकपॅडची पूर्ण साथ मिळाली, २०२१ मध्ये मॅकची एम १ चिप मिळाली, तर २०२४ मध्ये एम ४ ही चिप मॅकच्याही आधी आयपॅडमध्ये बसली. म्हणजे ताकदीचा प्रश्न केव्हाच मिटला आहे.

मग अडचण कुठे येते?

अडचण सॉफ्टवेअरमध्ये आहे. आयपॅड आणि अँड्रॉइड टॅब्लेटवर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट मिळतात, पण ती संगणकावरील आवृत्तीपेक्षा छोटी असतात. एक्सेलचेच उदाहरण घ्या. अनेक कार्यालयांत पगारपत्रक, साठ्याची नोंद किंवा मासिक अहवाल एखाद्या जुन्या मॅक्रोवर चालतो. आयपॅडवरील एक्सेलमध्ये ती फाइल उघडते, आकडे दिसतात, दुरुस्तही करता येतात. मॅक्रो मात्र चालत नाही. छपाईसाठी पाने लावणाऱ्यांचेही तसेच. फोटोशॉप आयपॅडवर २०१९ मध्ये आले, पण इनडिझाइन आलेले नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. सरफेस प्रोसारखा विंडोज टॅब्लेट हा आकाराने टॅब्लेट असला तरी मुळात संगणकच असतो. त्यातही स्नॅपड्रॅगन चिपचे मॉडेल असेल तर बहुतेक प्रोग्रॅम चालतात, पण जुना प्रिंटर किंवा यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर त्या चिपसाठी बनवलेला नसेल तर ते उपकरण चालत नाही.

टॅब्लेटने खरोखर कुठे जागा घेतली?

सर्वात ठळक उदाहरण विमानाच्या कॉकपिटमधले आहे. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ पर्यंत वैमानिकांच्या सुमारे १६ किलो वजनाच्या कागदी नकाशे-पुस्तिकांच्या बॅगा हटवून आयपॅड दिले. एकाच ॲपवर सारे अवलंबून असण्याचा धोकाही तिथेच दिसला. एप्रिल २०१५ मध्ये त्या ॲपमध्ये बिघाड झाला आणि अनेक विमानांना उशीर झाला.

भारतात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२१ रोजी पहिला कागदविरहित अर्थसंकल्प लाल वेष्टनातील टॅब्लेटवरून वाचला. नागालँड विधानसभेत मार्च २०२२ मध्ये आमदारांच्या टेबलांवर टॅब्लेट बसवून राष्ट्रीय ई-विधान प्रणाली सुरू झाली.

या सगळ्या कामांत एक साम्य आहे. काम वाचण्याचे, तपासण्याचे किंवा ठरलेल्या जागी माहिती भरण्याचे असते आणि बहुधा एकाच ॲपमध्ये उरकते. वैद्यकीय प्रतिनिधी, विमा एजंट, साइटवरचे अभियंते यांनाही टॅब्लेट म्हणूनच सोयीचा पडतो. अर्थसंकल्प टॅब्लेटवर वाचला जातो, पण त्यामागचे तक्ते कुणीतरी संगणकावरच तयार केलेले असतात.

भारतीय कार्यालयात गाडी कुठे अडते?

पहिला अडथळा डिजिटल स्वाक्षरीचा. ई-निविदा भरताना किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाचे अर्ज दाखल करताना ही स्वाक्षरी लागते आणि ती सहसा यूएसबी टोकनमध्ये असते. या टोकनचे ड्रायव्हर संगणकासाठी बनवलेले असतात. आयपॅडला टोकन जोडून ही स्वाक्षरी करता येत नाही. उलट वैयक्तिक प्राप्तिकर विवरणपत्राची पडताळणी आधार ओटीपीने होते, ती टॅब्लेटवर काय, मोबाइलवरही करता येते.

दुसरा अडथळा हिशोबाचा. टॅलीप्राइम हा विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आहे. टॅब्लेटच्या ब्राउझरमध्ये त्याचे अहवाल पाहता येतात. त्यामुळे मालकाचे काम टॅब्लेटवर भागते, रोजच्या नोंदी करणाऱ्या अकाउंटंटचे भागत नाही.

तिसरा अडथळा खास मराठीचा. टॅब्लेटवर युनिकोड मराठी उत्तम चालते. पण श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल टॅब्लेटवर उघडली, तर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. अनेक छापखाने, वृत्तपत्रे आणि संस्थांची वर्षानुवर्षांची कागदपत्रे अशा फॉन्टमध्ये आहेत.

यात पैसे वाचतात का?

निव्वळ टॅब्लेटची किंमत पाहिली तर वाचतात असे वाटते. कीबोर्ड धरला की गणित बदलते. अमेरिकेतील किमतींनुसार २०२४ चा ११ इंची आयपॅड प्रो ९९९ डॉलरचा आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड २९९ डॉलरचा. दोन्ही मिळून १,२९८ डॉलर. २०२५ मध्ये आलेला एम ४ चिपचा मॅकबुक एअर ९९९ डॉलरपासून मिळत होता. स्वस्त टॅब्लेट आणि साधा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला तर खर्च खूप कमी होतो, पण मग मांडीवर ठेवून टाइप करणे अवघड जाते.

आणखी एक बारीक अट आहे. मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲपमध्ये मोफत संपादन १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनसाठीच आहे. त्याहून मोठ्या टॅब्लेटवर वर्गणी भरावी लागते.

शरीराचा हिशोबही आहेच. स्क्रीन खाली असल्याने मान वाकते. दिवसभर काम करायचे तर स्टँड किंवा बाहेरचा मॉनिटर लागतो आणि टॅब्लेटच्या सुटसुटीतपणाचा फायदा तिथे कमी होतो.

रिमोट डेस्कटॉप हा तोडगा आहे का?

काही प्रमाणात आहे. ऑफिसमधला संगणक चालू ठेवून टॅब्लेटवरून तो वापरता येतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये विंडोज ३६५ ही क्लाउडवरील संगणक भाड्याने देणारी सेवाही कंपन्यांसाठी सुरू केली. मात्र संगणक संपला असे इथेही होत नाही, तो फक्त दुसरीकडे असतो. दरमहा भाडे भरावे लागते आणि नेटवर्क गेले की काम थांबते. प्रवासात काम व्हावे म्हणून टॅब्लेट घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

एका दिवसाच्या नव्हे, तर पूर्ण महिन्याच्या कामांची यादी करावी. रोजचे ईमेल, बैठका, टिपणे यांत टॅब्लेट सहसा कमी पडत नाही. तो अडतो महिन्यातून एकदा येणाऱ्या कामात : निविदेची शेवटची तारीख, पगाराची मॅक्रो फाइल, बँकेला द्यायचा ठरावीक नमुन्यातला तक्ता. असे एखादेच काम असेल आणि त्यासाठी ऑफिसात किंवा घरात दुसरा संगणक असेल, तर टॅब्लेट चालू शकतो.

टॅब्लेट कंपनी देणार असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. सर्वांना सरसकट टॅब्लेट दिले आणि ही शेवटची कामे कोण, कुठल्या यंत्रावर करणार हे ठरवले नाही, तर ती कर्मचाऱ्याच्या घरच्या लॅपटॉपवर, रात्री, त्याच्याच खर्चाने होतात. कंपनीच्या फाइल खासगी यंत्रावर जाण्याचा धोका वेगळाच. म्हणून टॅब्लेट स्वीकारण्याआधी या कामांसाठी ऑफिसात संगणक राहणार का, हे लेखी विचारून घेणे कर्मचाऱ्याच्या हिताचे आहे.