गाडीचा वर्ण

माझा मामेभाऊ टॅक्सी चालवतो. हप्त्यावर नवी गाडी घ्यायची म्हणून शोरूममधून एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन आला. तिच्यात रंगांचं मानसशास्त्र छापलेलं. पांढरा म्हणजे शुद्धता, काळा म्हणजे सत्ता, लाल म्हणजे धाडस, निळा म्हणजे शांती नि विश्वास. गाडीच्या रंगावरून म्हणे मालकाचं मन कळतं.

मालकाचं. गाडी अंगावर आली की जो बाजूला उडी मारतो, त्याच्या मनाबद्दल एक ओळ नाही.

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. मानसशास्त्र शिकलो नाही. पण दोस्तांनो, आपल्या भाषेत रंगाला वर्ण म्हणतात. वर्ण काय करतो हे आपल्याला शोरूमवाल्यानं शिकवायची गरज नाही.

इंदिरा डॉकातून परदेशी जाणाऱ्या गाड्या जहाजात चढतात. चाकांना पट्टे आवळून त्या डेकला बांधायच्या, हे आमच्या टोळीचं काम. आत शिरण्याआधी अंगठी काढ, घड्याळ काढ, कमरेचं बक्कल झाक. रंगाला ओरखडा जाता कामा नये. एकदा एका दारावर नखाएवढा ओरखडा निघाला. कोणी पाडला, कुणालाच ठाऊक नाही. सगळ्या टोळीचा अर्धा रोज कापला. त्याच पाळीत एकाचं बोट पट्ट्याच्या खटक्यात चेंगरलं. मुकादम म्हणाला, हळद लाव. पत्र्याच्या कातडीची चौकशी झाली, माणसाच्या कातडीची नाही. च्यायला, आज्याच्या सावलीचा विटाळ व्हायचा, नातवाच्या बक्कलाचा होतो.

कंपन्या मनाबद्दल बोलायला लागल्या की आपण त्यांच्या खिशाकडे बघावं. हेन्री फोर्डनं १९१४ पासून दहा-अकरा वर्षं मॉडेल टी फक्त काळीच विकली. एकच रंग ठेवला की काम झपाट्यानं उरकतं, स्वस्त पडतं. त्यात कुणाच्या सत्तेची हौस नव्हती. आपल्याकडे पांढऱ्या गाड्या जास्त खपतात, कारण उन्हात कमी तापतात आणि परत विकताना गिऱ्हाईक मिळतं. हे मला मान्य आहे. पण एवढंच असतं तर पांढरी अँबॅसिडर दिसली की हवालदाराचा हात आपोआप कपाळाला का जायचा? ती गाडी बनायची २०१४ साली बंद झाली. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवाही गेला. हात अजून जातोच.

आणि ही शुद्धता राखतो कोण? पहाटे पाचला बादली-फडकं घेऊन सोसायट्यांत फिरणारी पोरं. कुर्ल्याच्या गॅरेजांत तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारे. दोन डब्यांच्या त्या रंगात आयसोसायनेट असतं, त्यानं दमा लागतो. पुस्तिकेत दम्याचा रंग दिलेला नाही.

मी मामेभावाला म्हटलं, "दादा, निळी घे."

तो म्हणाला, "निळीला परत विकताना भाव येत नाय." मग आवाज खाली करून म्हणाला, "आणि गिऱ्हाईकाला लगेच कळतं रे, हा जयभीमवाला."

मी भडकलो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत हाच माणूस रात्रभर उभा राहतो. निळा शांतीचा असेल पुस्तिकेत. आमच्या गल्लीत निळा झेंडा लागला की पोलिसांची व्हॅन नाक्यावर येऊन थांबते. बरंच बोललो मी. पण त्याला दोन पोरी, हप्ता पाच वर्षांचा. माझ्याकडे सायकलसुद्धा नाही, भांडायला माझं काय जातं?

त्यानं पांढरी घेतली. धंद्याची गाडी म्हणून नंबरपाटी पिवळी. परवा एका टॉवरच्या फाटकात त्याच्यापुढे त्याच मॉडेलची, तशीच पांढरी गाडी होती. खाजगी, म्हणून पाटीही पांढरी. वॉचमननं सलाम ठोकून तिला आत सोडली. याला हात केला, "ए टॅक्सी, बाहेर लाव." काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्या निदान फसवत नव्हत्या. लांबूनच कळायचं, ही भाड्याची. आता सगळा वर्ण त्या वीतभर पाटीत मावलाय.

वॉचमनवर चिडून उपयोग नाही, तोही आपल्यातलाच, बारा तास उभा.

रात्री दादाचा फोन आला. म्हणाला, "निळी घेतली असती तरी बाहेरच लावायला लागली असती की."

म्हटलं, "मग घ्यायची होतीस ना."