रांगेत आधी कोण?

श्टुटगार्टला लागून असलेल्या गेर्लिंगेनमध्ये, शिलरह्योहे टेकडीवर, बॉश कंपनीचं मुख्यालय आहे. याच बॉशने १९८६ मध्ये गाड्यांसाठी ‘कॅन’ ही संदेशवाहिनी जगापुढे आणली. दोन तारांवर अनेक यंत्रणा एकदम बोलू लागल्या, तर ज्या संदेशाचा क्रमांक लहान तो आधी जातो, बाकीचे थांबतात.

घरच्या संगणकात अशी शिस्त आहे का? आहे, पण अर्धवट.

विंडोज ३.१ मध्ये एक प्रोग्राम अडून बसला की बाकीचेही खोळंबत. विंडोज ९५ पासून प्रोसेसरची वेळ वाटण्याचं काम मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टिमने हाती घेतलं. रॅम मात्र असते तेवढीच. ब्राउझरचे तीस टॅब, व्हिडिओ कॉल आणि एक्सेल एकदम उघडलं की रॅममधला मजकूर डिस्कवर ढकलावा लागतो आणि संगणक गोगलगायीच्या गतीने चालतो.

त्यात न विचारता सुरू होणारी अ‍ॅप्स! मेसेंजर, अपडेटर, क्लाउड ही मंडळी यजमानाआधीच पानावर बसलेली. आपोआप सुरू होण्याची परवानगी कंपन्यांनी आधी मागायलाच हवी. तोवर विंडोजवाल्यांनी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबावं आणि टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतली नको ती नावं बंद करावीत.