उन्हाळा एकट्या आयपीएलचा नाही!

गुढी उतरली की आमच्याकडे दोन पक्ष बोलायला लागतात. पहिला पक्ष म्हणतो, "आता दोन महिने नुसती आयपीएल. दुसरं बघण्यासारखं आहे काय?" दुसरा म्हणतो, "या आयपीएलनं खेळाचं वाटोळं केलं. मैदानं ओस पडली." चहाच्या गाड्यावर दोघं एकमेकांच्या अंगावर येतात, पण एका मुद्द्यावर दोघांचं गुपचूप एकमत असतं. ते म्हणजे उन्हाळ्यात आयपीएलखेरीज काही घडतच नाही. माझा वाद या एकमताशी आहे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे उन्हाळा हा खेळाचा सगळ्यात भरगच्च हंगाम असतो आणि आयपीएल ही त्या पंगतीतली एक पाहुणी असते. तिला डोक्यावर घेणारे आणि तिच्या नावानं खडे फोडणारे, दोघंही तिला नको तेवढं मोठं करतात.

आधी साधा आक्षेप घेऊ. "उन्हाळा हा खेळाचा ऋतू नव्हे. शहाण्यानं मे महिन्यात पंख्याखाली पडून राहावं." हे म्हणणाऱ्याला गावाकडचं कॅलेंडर माहीत नसावं. रब्बी घरात आलेली असते, ऊस कारखान्याला गेलेला असतो, बिल हातात पडलेलं असतं किंवा पडेल अशी आशा तरी असते. शेतात काम कमी, पोरांना सुट्टी, पाहुण्यांना सवड. म्हणून तर चैत्रात जोतिबाच्या सासनकाठ्या नाचून गेल्या की गावोगावच्या जत्रांचा सपाटा सुरू होतो, आणि जत्रा म्हटली की कुस्तीचं मैदान आलंच. हा हंगाम कुणा मंडळानं वेळापत्रक काढून ठरवलेला नाही. तो शेतीनं ठरवलाय.

असलं एखादं मैदान जवळून बघा. तांबडी माती आठवडाभर आधी चाळलेली असते. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद कालवून ती लोण्यासारखी मऊ केलेली असते. दुपारी ऊन टाळूवर असतानाच हलगी वाजते आणि पहिल्यांदा उतरतात ती गावातली बारकी पोरं, रेवड्यांवरच्या कुस्त्यांना. लंगोट ढिला, नाकाला माती, आणि आजोबा कडेनं ओरडतायत, "पट काढ, पट!" तिथून बक्षीस चढत जातं, नारळ, शंभर, पाचशे, हजार, आणि दिवस मावळतीला शेवटची काटाजोड लागते. तोवर एखादा वळीव येऊन आखाड्याचा चिखल करून गेला नाही, तर गावाचं नशीब. कुस्ती निकाली झाली की फेटे उडतात आणि बरोबरीत सोडवली की पंचांचा उद्धार होतो. हे सगळं बघायला माणूस उन्हात चार-चार तास उभा राहतो. त्याला कुणी सांगितलं नाही की हा खेळाचा ऋतू नव्हे.

आता उन्हाची भीती वाटून पावसाच्या तोंडी स्पर्धा ठेवल्या तर काय होतं, तेही पाहिलंय. 2023 साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, ती जूनमध्ये, गहुंजेला. आमचे कोल्हापूर टस्कर्स अंतिम फेरीत गेले. समोर रत्नागिरी जेट्स. पावसानं अंतिम सामना धुऊन काढला आणि साखळीत वरचढ म्हणून चषक रत्नागिरीला गेला. कोकणवाल्याशी पावसात भांडू नये, हे खरं. पण उन्हानं आजवर आमचा एकही चषक नेलेला नाही, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो घेणारी माणसं वयानं वडीलधारी असतात. "आयपीएल हा खेळच नव्हे. पैशाची सर्कस आहे. खेळाडू बाजारात विकत घ्यायचे, बाहेरून माणसं आणायची, गाणी लावायची, याला काय क्रिकेट म्हणायचं?" अण्णा, एक विचारू का? राजर्षी शाहू महाराजांनी पंजाबातून, उत्तरेतून मल्ल आणून कोल्हापुरात सांभाळले, त्यांना खुराक दिला, 1912 साली खासबागेचं मैदान बांधून पुरं केलं, ते कशासाठी? बाहेरचा तगडा गडी आल्याशिवाय घरच्या गड्याची परीक्षा होत नाही, म्हणूनच ना? त्यातूनच कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं. आज आमच्या पेठांच्या फुटबॉल संघांत गोव्याचे, बंगालचे आणि थेट आफ्रिकेतले खेळाडू खेळून गेलेत. त्यांना आणताना लिलाव झाला नसेल, पण घासाघीस काय कमी झाली असेल? आणि गाण्याचं म्हणाल तर हलगी-घुमक्याशिवाय कुठलं मैदान तुम्ही पाहिलंय? तेव्हा बाहेरचे खेळाडू, बक्षिसाचा पैसा आणि वाजंत्री या तीन कलमांखाली आयपीएलवर खटला भरता येणार नाही. त्याच कलमांखाली आधी आपल्यालाच आत जावं लागेल.

याचा अर्थ आयपीएलचं सगळंच गोड मानायचं असं नाही. माझ्या तक्रारी आहेत, फक्त त्या दुसऱ्याच आहेत. डावात मध्येच अडीच मिनिटं खेळ थांबवून 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' घेतात. त्यात डावपेच किती ठरतात ते देव जाणे, जाहिराती मात्र नेमानं लागतात. 2023 पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आणला आणि अकराचा खेळ बाराचा केला. यानं अष्टपैलू खेळाडू मागे पडतील, असं रोहित शर्मानंही जाहीर बोलून दाखवलं. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी करणारा पोरगा हा गल्ली क्रिकेटचा कणा असतो. त्यालाच नियमानं बेकार करणं बरं नव्हे.

आणि पाण्याची गोष्ट तर हसण्यावारी नेण्यासारखी नाहीच. 2016 च्या दुष्काळात आमच्या शेजारच्या मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि इकडे मैदानांवर फवारे चालणार होते. मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले आणि मुंबईत व्हायचा अंतिम सामना बंगळूरला गेला. तेव्हा अनेक क्रिकेटप्रेमी चिडले होते. माझ्या मते निकाल शंभर टक्के बरोबर होता. तहानेपुढे खेळ मोठा नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे "आयपीएलमुळे स्थानिक मैदानं ओस पडली." हा मला सगळ्यात विनोदी वाटतो, कारण हा आक्षेप घेणारे स्वतः स्थानिक मैदानावर फिरकत नाहीत. नाहीतर त्यांना घड्याळ समजलं असतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मुख्य सामना दुपारी चारला सुरू होतो, सहाच्या आसपास संपतो. मग चौकात उभं राहून त्याची चिरफाड होते, भडंग-चहा होतो आणि माणूस घरी जाऊन साडेसातला आयपीएलची नाणेफेक झालेली बघतो. शनिवार-रविवारचा साडेतीनचा सामना सोडला तर दोघांची टक्कर होतच नाही. एकाच दिवशी दोन्ही खेळ बघून दोन्हींवर शिव्याशाप देणारे शेकडो लोक आमच्याकडे आहेत. मैदान ओस पडायला आयपीएल लागत नाही. घरात बसून "पूर्वीचं राहिलं नाही" म्हणणारा प्रेक्षक पुरेसा असतो.

आता येतो आमच्या जखमेवरचा आक्षेप. "पेठेचा फुटबॉल म्हणजे मारामारी. कोण बघायला जाणार?" हे बाहेरचे बोलतात आणि दुर्दैवानं त्यांना मालमसाला आम्हीच पुरवलाय. दगडफेक झालीय, सामने थांबलेत, पोलीस बंदोबस्तात स्पर्धा उरकाव्या लागल्यात. गॅलरीत बायका बोटांवर मोजण्याएवढ्या दिसतात, त्याचंही हेच कारण आहे. हे झाकून ठेवण्यात काही मर्दुमकी नाही. पण म्हणून खेळच वाईट, हा निष्कर्ष चुकीचा आहे. दगड मारणारा खेळ बघत नसतो, तो तिथं दुसरंच काहीतरी करायला आलेला असतो. नव्वद मिनिटं उन्हात बसून, शेवटी हरलेल्या आपल्या संघाला टाळ्या वाजवून जाणारा जो माणूस असतो, तो बातमीत येत नाही इतकंच. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार ही नावं आहेत तालमींची. ज्या जागी जोर-बैठका काढल्या जायच्या, त्याच नावानं पोरं फुटबॉल खेळतात. मालक बदलला की गाव बदलणारा हा संघ नव्हे. तो पेठेत जन्मतो आणि पेठेतच राहतो.

इथं पुण्याची आठवण काढणं क्रमप्राप्त आहे. आयपीएलमध्ये पुण्याला 2011 ते 2013 एक संघ मिळाला, तो गेला. 2016 ला दुसरा आला, 2017 च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेनं हरला आणि तोही गेला. या एका धावेचं कोल्हापूरकरांना अतोनात दुःख झालं, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. मग 2018 साली चेन्नईतल्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने पुण्यात आले आणि त्यांचे चाहते खास रेल्वेनं पुण्याला उतरले. पिवळे झेंडे घेऊन हजार किलोमीटर येणाऱ्या त्या माणसांना माझा मुजरा आहे. पण संघ असा बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो, तेव्हा 'आपला संघ' म्हणजे नेमका कुणाचा, हा प्रश्न उरतोच. आमच्या पेठेत तो प्रश्न कुणाला पडत नाही.

शेवटचा आक्षेप नव्या पिढीचा. "रात्री साडेबारा वाजता चॅम्पियन्स लीगचा सामना बघणाऱ्यानं दुपारी चारला हा कसला फुटबॉल बघायचा? पासिंग नाही, वेग नाही." पोरांनो, पासिंग नाही हे मान्य. तसं तर विश्वचषक आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी आख्ख्या पेठा झाकून टाकणारं गाव हेच आहे. आम्हालाही चांगलं काय ते कळतं. पण टीव्हीवरचा विंगर तुमचं ऐकत नाही. इथं मात्र कठड्याजवळ बसलेला एक म्हातारा ओरडतो, "अरं पास दे की, का बॉल घरला घेऊन जातोयस?" आणि मैदानातलं पोरगं खरंच वळून बघतं, लाजतं आणि पुढच्या वेळी पास देतं. अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच गावचा. वरच्या पायरीवर टाळ्या वाजवायला जग आहे. खालच्या पायरीवर ओरडायला आपलंच माणूस लागतं.

खंडन झालं. आता माझं म्हणणं.

खेळ टिकतो तो त्याच्यासाठी थोडी गैरसोय सोसणाऱ्या प्रेक्षकामुळे. तापलेल्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसणं, डोक्यावर टॉवेल टाकणं, खिशातल्या दोन पैशांचं तिकीट काढणं, हीच त्याची वर्गणी असते. घरबसल्या सामना बघणं चूक नाही, मीही बघतो आणि रोज पंचाला शिकवतो. पण तिथं मी नसलो तरी सामना होतोच. जत्रेच्या मैदानात आणि पेठेच्या सामन्यात प्रेक्षक नसला तर पुढच्या वर्षी बक्षीस घटतं, त्याच्या पुढच्या वर्षी जोड घटतात आणि तिसऱ्या वर्षी मैदानाच्या जागी गाड्या लागतात. 2022 च्या एप्रिलमध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला आणि तब्बल 21 वर्षांनी गदा कोल्हापूरला आली. त्या दिवशी गावानं जो जल्लोष केला, त्यातला निम्मा उत्साह मधल्या 21 वर्षांत गावोगावच्या आखाड्यांभोवती दिसला असता तर कदाचित गदेला इतका उशीर झाला नसता.

आयपीएलला माझा विरोध नाही. विरोध आहे तो "दुसरं काही नाहीच" या आळसाला. आयपीएल बघा, तिच्या टाइमआउटमध्ये चहा ठेवा, इम्पॅक्ट प्लेअरला नावं ठेवा. फक्त त्याआधी, दुपारी चारला, आपल्या गावात कुठलं मैदान भरलंय ते विचारा. कुस्ती असेल, कबड्डी असेल, खो-खो असेल, टेनिस बॉलच्या स्पर्धा असतील, बैलगाडा असेल. जाताना टोपी घाला, पाण्याची बाटली न्या, पोराला आणि पोरीलाही बरोबर घ्या. दगड सोडून काहीही उचलून आणा, झेंडा, हलगी, शिट्टी. आणि तिकीट असेल तर फुकट शिरू नका, तिकीट काढा.