घर समांतर, बटण मात्र एकसर

दहावीच्या कोणत्याही कॅडेटला विचारा, घरातली वीजजोडणी कोणती? ‘समांतर, सर’ हे उत्तर सावधानमध्ये उभे राहून मिळते. का? ‘एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात.’ गुण मिळाले, विषय संपला. माझी तक्रार इथूनच सुरू होते. उत्तर चूक नाही, अर्धे आहे. आणि जिवाशी गाठ पडते ती उरलेल्या अर्ध्याशी.

एकसर जोडणीची ओळख आपल्याला दिवाळीच्या माळेने होते. (जबलपूरच्या बाजारात तिला ‘झालर’ म्हणावे लागते.) जुन्या माळेत सहा व्होल्टचे साधारण ४० दिवे एकामागे एक असत, एक गेला की सगळी माळ काळोखात. १०० वॅटचा आणि ४० वॅटचा साधा दिवा एकसर जोडला, तर जास्त उजळतो ४० वॅटचा! वर्गात यावर हमखास पैजा लागतात. त्याचा रोध मोठा, धारा दोघांतून तीच, म्हणून २३० पैकी दीडशेहून अधिक व्होल्ट तोच घेतो. अशा वाटणीवर घर चालणार नाही, म्हणून घराची जोडणी समांतर.

पण समांतर जोडणीत धारांची बेरीज होते, हे सूत्र वहीतच राहते. डिसेंबरात इथली थंडी पडली की होस्टेलच्या खोल्यांत बादल्यांमध्ये रॉड दिसू लागतात. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपियर घेतो. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावली की आणखी सव्वाचार. बोर्ड मात्र सहा अँपियरचा. प्रत्येक उपकरण मजेत चालते, दिवा मंदही होत नाही, तापते ती भिंतीकडे जाणारी वायर. समांतर जोडणी कुरकुर करत नाही, हाच तिचा धोका.

तिला आवर घालणारे सगळे एकसरच असते. फ्यूज, एमसीबी, बटण. रस्ता एकच, म्हणून तिथे तोडला की सगळे थांबते. ज्या गुणाला आपण माळेचा दोष म्हणतो, तोच इथे पहारेकरी होतो. हा पहारेकरी फेजच्या तारेवरच हवा. बटण न्यूट्रलवर बसवले तरी दिवा विझतो, पंखा थांबतो, सगळे ठीक वाटते. पण होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. बटण बंद करून बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला ते कोण सांगणार? फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळणे म्हणजे तर पहारेकऱ्याला झोपवणे. अर्थिंग पुन्हा समांतर वाट: इस्त्रीच्या पत्र्यात फेज उतरला तर बहुतेक धारा कमी रोधाच्या तारेने जमिनीत जावी, आपल्या अंगातून नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांचा केला की ती वाट बंद.

काही पालक म्हणतात, हे वायरमनचे काम, मुलांनी बोर्डाची परीक्षा सांभाळावी. मला हे पटत नाही. रायफल सोडताना-जोडताना प्रत्येक भाग कशासाठी आहे हे आपण कॅडेटकडून वदवून घेतो. जिच्यासोबत तो चोवीस तास राहतो, त्या विजेबद्दल ‘समांतर, सर’ एवढ्यावर समाधान का मानावे? शक्तिभवन, सिग्नलचे प्रशिक्षण केंद्र आणि १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी असलेल्या शहरात शिकवणारा जाणकार शोधायला लांब जावे लागणार नाही.

माझी सूचना छोटी आहे. रॉड बाहेर निघण्याआधीच्या एका शनिवारी प्रत्येक तुकडीने आपल्या बराकीच्या जोडणीचा नकाशा काढावा: कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, कोणत्या बोर्डावर किती वॅट, बेरीज किती अँपियर. बोर्ड उघडायचा तो वायरमननेच, मेन बंद करून. कॅडेटने पाहायचे आणि विचारायचे. जोडणीचे प्रयोग बारा व्होल्टच्या बॅटरीवर करावेत, तिथे चूक परवडते. नकाशा एमसीबीच्या पेटीशेजारी चिकटवावा, आणि त्याची एक प्रत पुढच्या वर्षीच्या तुकडीला द्यावी.