ड्रमर नसलेला बँड

मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे त्यात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला आत्याकडे होतो. आत्येभाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याने माझ्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाला, "ड्रमवाला ना तू? मग हे ऐक." मेल्ट-बनाना नावाच्या जपानी बँडचा '३+५' हा अल्बम होता. एका मिनिटात मी हेडफोन काढून ठेवला. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिक्सर कुणी लावलाय?" दर गणपतीत दारासमोर ताशा ऐकणारी माझी आत्या असं म्हणाली, यावरून आवाजाची कल्पना यावी.

पण सुट्टी मोठी होती आणि अल्बम लहान. नऊ गाणी, तीही पंचवीस मिनिटांच्या आत संपतात. चार-पाच दिवसांत मी तो कितीतरी वेळा ऐकला. इथे मोबाइल चालत नाही, म्हणून आता तो फक्त डोक्यात वाजतो, बहुतेक वेळा प्रेपमध्ये.

हा बँड टोकियोचा. पहिला अल्बम १९९४ चा. हा आठवा, म्हणजे नावातली बेरीजही बरोबर येते. आधीचा 'फेच' २०१३ मध्ये आला होता आणि हा २३ ऑगस्ट २०२४ ला. मधल्या अकरा वर्षांत मी चार वर्षांचा पंधरा झालो. बँडमध्ये आता दोघंच आहेत. याको गाते, खरं तर टिटवीसारखी ओरडते. आगाता गिटार वाजवतो, पण ती गिटार कधी सायरनसारखी ऐकू येते, तर कधी व्हिडिओ गेममधल्या गोळीबारासारखी. स्टेजवर तो तोंडाला मास्क लावतो, आणि तोही करोनाच्या कितीतरी आधीपासून.

या प्रकाराला नॉईज रॉक म्हणतात. नाव ऐकून वाटतं की यात कुणीही काहीही बडवावं. माझंही तेच मत होतं. मग 'फ्लिपसाइड' हे गाणं नीट ऐकलं. सगळं धावत असतं आणि अचानक सगळं एका क्षणी थांबतं, म्हणजे अगदी कापल्यासारखं, आणि लगेच पुन्हा सुरू होतं. अर्ध्या ठोक्याचा उशीर झाला तरी ते थांबणं वाया जाईल. ड्रिलमध्ये 'थम' म्हटल्यावर तेहतीस बूट एकदम आपटले तर एकच आवाज येतो, नाहीतर उस्तादजी ओरडतात, "मक्का मत भूनो!" या अल्बममध्ये कुठेही मका भाजलेला नाही. आमच्या हाऊसमध्ये ज्यांनी ज्यांनी "हा गोंगाट आहे" म्हणून मला गप्प केलं (मी तोंडाने वाजवून दाखवत होतो, तो माझा दोष), त्यांना एवढंच सांगायचं आहे की इतकी कडक ड्रिल मी दुसऱ्या कुठल्याच गाण्यात ऐकलेली नाही.

आता माझी तक्रार. या बँडमध्ये ड्रमर नाही. पूर्वी होते, एकामागून एक बदलत गेले. 'फेच'पासून ड्रम आणि बेस कॉम्प्युटरमधून येतात. हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. ज्या वेगाला मी मनातल्या मनात सॅल्यूट करत होतो, तो कुणाच्याही मनगटाचा नव्हता. दोन-तीन गाण्यांच्या मधल्या भागात ते जाणवतंही. ड्रम जरा जास्तच स्वच्छ आहेत, दमलेला हात कुठे ऐकू येत नाही. जुन्या गाण्यांत तो येतो. माझ्या मते या अल्बममध्ये एवढीच एक गोष्ट कमी आहे.

मग भावाने त्यांच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला. याकोच्या हातात एक चमकणारं यंत्र असतं. ती ते हवेत फिरवते, बटणं दाबते आणि कॉम्प्युटरमधले ड्रम तिच्या इशाऱ्यावर चालतात. म्हणजे ठोका यंत्राचा, पण हुकूम तिचा. माझा निम्मा राग तिथेच गेला.

उरलेला निम्मा आमच्या शनिवारच्या परेडसाठी राखून ठेवला आहे. उस्तादजींना मराठी येत नाही, पण कुणीतरी हे वाचून दाखवेलच, म्हणून जपून लिहितो.

या टर्मपासून परेडला बँड नसतो. मार्चची धून स्पीकरवर लागते. कारणं खोटी नाहीत. दहावी-बारावीच्या मुलांना बोर्ड आहे, चौदाजणांच्या बँडमध्ये सहा उरले आहेत आणि एका साइड ड्रमचं कातडं फाटलं आहे. तेज चालीला मिनिटाला १२० कदम लागतात, रेकॉर्डिंगही १२० चंच आहे, मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते तिसऱ्या शनिवारी. रात्री पाऊस झाला होता आणि मंचाआधीच्या वळणावर चिखल होता. सहावीची तुकडी तिथे अडखळली. त्यांचे पाय लहान, बूट नवे. स्पीकर आपला पुढे चालतच राहिला. मंचासमोर आली तेव्हा अर्धी तुकडी डाव्या ठोक्यावर उजवा पाय टाकत होती आणि उस्तादजी स्पीकरच्या वरताण "बाएँ! बाएँ!" ओरडत होते. सगळे हसले. सहावीतली मुलं नंतर मेसमध्ये मान खाली घालून जेवत होती. मीही सहावीत असा चुकलो होतो, पण तेव्हा बेस ड्रमवाल्या दादाने आमचे पाय बघून डावा ठोका जोरात मारला होता आणि दोन पावलांत आम्ही सावरलो होतो. ड्रम वाजवताना आम्ही बूट बघतो. स्पीकर बघत नाही. याकोचं यंत्र तिच्या हातात असतं. आमच्या स्पीकरचं बटण दाबणारा ते दाबून खुर्चीवर बसतो.

भाऊ म्हणाला, अमेरिकेत सैनिकांच्या अंत्यसंस्काराला २००३ पासून असा बिगुल वापरतात, ज्याच्या आत छोटं यंत्र बसवलेलं असतं. वाजवणारा तो फक्त ओठांना लावून उभा राहतो. बिगुल वाजवणारे पुरत नाहीत, म्हणून. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण चूक वाटलं नाही. तिथे सगळे स्तब्ध उभे असतात, त्या धूनवर कुणाला पाऊल टाकायचं नसतं.

आम्हा सहाजणांना परेड परत द्यावी. सराव प्रेपच्या वेळात नको, गेम्सनंतरची पंधरा मिनिटं पुरतील. बिगुल तीन आहेत, साइड ड्रम दोन, आणि फाटलेल्या ड्रमवर मी स्वतः वाजवीन. अडचण बेस ड्रमची आहे, आमचा बेस ड्रमर बारावीत गेला. ज्याची उंची साडेपाच फुटांच्या वर आहे आणि ज्याला घाईतही डावा-उजवा कळतो, त्याने बुधवारी बँड रूमवर यावं. पट्टा तुटलेला आहे, येताना दोरी आणावी.