जागा कुणी अडवली, हे आधी विचारा

ईशान्येतल्या या पोस्टिंगवर पावसाळ्यात नेटवर्क मिळेल तेव्हाच फोन लागतो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी लागला तो साताऱ्याकडच्या आमच्या जुन्या सुभेदार साहेबांचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आवाज पडलेला होता.

"साहेब, लॅपटॉपमध्ये जागा नाही असं येत होतं. फोटो काढून टाकले. आता कळतंय, दुसरीकडे कुठेच नव्हते."

मुलीच्या लग्नाचे फोटो, पलटणीचे फोटो, त्यातले काही चेहरे आज हयात नाहीत. रिसायकल बिनही रिकामा केलेला.

मी फोनवरून एकेक पायरी सांगत गेलो. डिस्क १२८ जीबीची. आठवड्यापूर्वी भाच्याने विंडोज १० चं ११ करून दिलं होतं. जुनं विंडोज 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये तसंच पडून होतं, वीस जीबीहून जास्त. नवं पसंत पडलं नाही तर परत फिरता यावं म्हणून ते साधारण १० दिवस ठेवलं जातं, मग आपोआप निघून जातं. साहेबांनी आणखी तीन दिवस दम धरला असता, तर बोटही न लावता जागा झाली असती. फोटो सगळे मिळून चार जीबीसुद्धा नव्हते.

डिस्क भरली की आपण आधी आपलंच सामान बाहेर काढतो, कारण तेवढंच ओळखीचं असतं. माझ्या मते चूक इथेच होते. आधी विचारायचं, जागा कुणी अडवली?

उत्तर सेटिंग्जमध्ये मिळतं. सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. तिथे 'विंडोज अपडेट क्लीनअप', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स' आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' यांच्यापुढे किती जागा अडली ते लिहिलेलं असतं. पहिल्या दोन बिनधास्त काढा. तिसरं मात्र नवं विंडोज नीट चालतंय याची खात्री झाल्यावरच, कारण मग परतीची वाट बंद होते. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर टिक नको. पेन्शनचे कागद बहुतेकांचे तिथेच असतात.

काही उत्साही मंडळी विंडोजच्या फोल्डरमध्ये शिरून 'विनएसएक्सएस' हाताने उडवायला जातात. तसं करू नका. ते दिसतं तेवढं मोठं नसतं, एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. शिवाय विंडोज त्याच्यावरच उभं असतं. स्टोअरमधली वस्तू जुनी झाली म्हणून आपण उचलून फेकतो का? बोर्ड बसतो, तपासतो, मगच ती कंडेम होते. इथे बोर्डाचं काम विंडोजचं स्वतःचं क्लीनअप करतं. ते त्यालाच करू द्या.

दुसरी मंडळी जागा वाचवायला अपडेटच बंद करतात. हे तर त्याहून वाईट. जागा कमी पडते म्हणून गेटवरचा संत्री कुणी हटवत नाही. ज्या लॅपटॉपवर तुम्ही 'स्पर्श'वर लॉगिन करता आणि बँकेचा पासवर्ड टाकता, त्यावर सुरक्षा अपडेट हवेतच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा भाच्याने केलं ते बरोबरच केलं. फक्त जाताना काकांसारख्या मामांजवळ पाच मिनिटं बसून पुढचं सांगायला हवं होतं.

आणि हे मी भाच्याला सांगत नाही, स्वतःला सांगतोय. सुट्टीवर गेलो की आपण आईवडिलांचा फोन, लॅपटॉप घाईघाईत 'ठीक' करून देतो आणि निघतो. या वेळी अर्धा तास जास्त द्या. एक पोर्टेबल डिस्क घ्या, आधी फोटोंची कॉपी करा, मग साफसफाई.

पलटणीचा तो ग्रुप फोटो आम्ही तिघाचौघांकडे विचारून साहेबांना मिळवून दिला. लग्नाचे फोटो अजून मिळालेले नाहीत.

जय हिंद.